ऑप्टोमेट्रीत ‘इलेक्टिव्ह’ विषय निवडताना काय बघायचं? नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांसाठी सोप्या भाषेत

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगर भागात दोनच प्रश्न ऐकू येतात. ‘किती आले?’ आणि ‘आता पुढं काय?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात संपतं. दुसऱ्याचं तसं नाही. २०२४ मध्ये देशभरातून २३ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांनी नीट दिली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे ‘लातूर पॅटर्न’मधून कितीही मुलं डॉक्टर झाली, तरी त्याच वर्गातली त्याहून जास्त मुलं दुसरी वाट शोधत असतात. बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग, फार्मसी आणि या यादीत अलीकडे ऐकू येणारं आणखी एक नाव म्हणजे ऑप्टोमेट्री.

हे नाव घेतलं की घरातून ठरलेली प्रतिक्रिया येते. ‘म्हणजे चष्म्याचं दुकान टाकणार का?’

हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. ऑप्टोमेट्री शिकलेला विद्यार्थी पुढे चष्म्याच्या काउंटरवर उभा राहणार, हॉस्पिटलच्या तपासणी कक्षात बसणार, की गावोगावच्या शाळांत मुलांचे डोळे तपासणार, हे बऱ्याच अंशी ठरतं ते शेवटच्या दोन वर्षांत त्याने काय निवडलं यावरून. या निवडीलाच ‘इलेक्टिव्ह’ म्हणतात. आणि बहुतेक विद्यार्थी ही निवड पाच मिनिटांत, मित्राचा फॉर्म बघून करून टाकतात.

आधी हे समजून घ्या: ऑप्टोमेट्रिस्ट कोण असतो?

लातूर आणि डोळे हे दोन शब्द एकत्र आले की डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव येतंच. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचा मुलगा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पोहोचला, मोतीबिंदूच्या लाखाहून जास्त शस्त्रक्रिया केल्या आणि २००८ मध्ये पद्मश्रीचा मानकरी ठरला. त्यामुळे नेत्रतज्ज्ञ म्हणजे कोण, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही.

पण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत रुग्ण पोहोचण्याआधी कुणीतरी त्याची नजर मोजलेली असते, नंबर काढलेला असतो, डोळ्यातला दाब पाहिलेला असतो आणि ‘यांना मोतीबिंदू दिसतोय, डॉक्टरांकडे पाठवा’ असं लिहिलेलं असतं. हे काम ऑप्टोमेट्रिस्टचं.

फरक सोपा आहे. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर डोळ्यांच्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषधोपचार आणि शस्त्रक्रिया करतो. ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टीची तपासणी करतो, चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स ठरवतो, डोळ्यांचे व्यायाम आणि दृष्टीची साधनं सुचवतो, आजाराची लक्षणं ओळखून रुग्णाला वेळेत पुढे पाठवतो. तो शस्त्रक्रिया करत नाही. आणि तिसरा असतो ऑप्टिशियन, म्हणजे दिलेल्या नंबरप्रमाणे चष्मा तयार करून देणारा.

बी. ऑप्टोमची पदवी आतापर्यंत साधारण चार वर्षांची राहिली आहे. तीन वर्षं वर्गात आणि ओपीडीत, शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात आरोग्यविषयक अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. या विद्यापीठाच्या पॅरामेडिकल पदवीत, म्हणजे बीपीएमटीमध्येही ऑप्टोमेट्री ही एक शाखा आहे. दोन्ही पदव्यांचं नाव वेगळं, विषयांची मांडणी वेगळी. त्यामुळे प्रवेश घेताना आपण नक्की कोणत्या पदवीला बसतोय, हे कागदावर बघून घेणं ही पहिली पायरी.

भारतात हे शिक्षण तसं जुनं आहे. १९५८ मध्ये अलीगढच्या गांधी नेत्र रुग्णालयात आणि सीतापूरच्या नेत्र रुग्णालयात पदविका अभ्यासक्रम सुरू झाले. १९८५ मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालयाच्या पुढाकाराने एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री सुरू झालं आणि पदवीच्या शिक्षणाला वळण मिळालं.

इलेक्टिव्ह म्हणजे काय आणि तो सापडतो कुठे?

इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय. सगळ्यांना सक्तीचे असलेले विषय सोडून, विद्यार्थ्याने आपल्या आवडीने किंवा गरजेने घेतलेला.

कला किंवा विज्ञान शाखेच्या मुलांना हे आता ओळखीचं झालंय. नवीन शैक्षणिक धोरणानंतर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये बीएस्सीचा विद्यार्थी दुसऱ्या शाखेचा विषयही घेऊ शकतो. आरोग्य शाखेत मात्र इतकी मोकळीक नसते. कारण उघड आहे. डोळा तपासणाऱ्याने ‘मला रेटिनाचा विषय आवडत नाही, मी तो सोडला’ असं म्हणून चालत नाही.

म्हणूनच ऑप्टोमेट्रीत बहुतेक विषय सक्तीचे असतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या पदवीसाठी जो समान किमान अभ्यासक्रम आखला होता, त्यात कॉन्टॅक्ट लेन्स, लो व्हिजन, बायनॉक्युलर व्हिजन, लहान मुलांचे आणि वृद्धांचे डोळे, व्यवसायाशी संबंधित दृष्टी, सार्वजनिक आरोग्य हे सगळे विषय प्रत्येकाला थोडे थोडे शिकायचेच आहेत.

मग निवड उरते कुठे? चार ठिकाणी.

एक, कॉलेजने किंवा विद्यापीठाने ‘ऐच्छिक’ म्हणून दिलेला पेपर. तो सगळीकडे असतोच असं नाही.

दोन, शेवटच्या वर्षात करायचा संशोधन प्रकल्प. विषय विद्यार्थ्याने निवडायचा असतो.

तीन, इंटर्नशिप. कोणत्या विभागात किती आठवडे बसायचं आणि बाहेरच्या एखाद्या हॉस्पिटलमध्ये जायचं का, हे इथे ठरतं.

चार, पदवीसोबत किंवा पदवीनंतर केलेले छोटे कोर्स आणि फेलोशिप.

म्हणजे मार्कशीटवर ‘इलेक्टिव्ह’ असा शब्द छापलेला नसला तरी निवड असतेच. प्रकल्प एका विषयात, इंटर्नशिप दुसऱ्याच ठिकाणी आणि कोर्स तिसऱ्याच गोष्टीचा, असं केलं की हाती प्रमाणपत्रं तीन येतात पण हात एकाही कामात बसत नाही. हे चारही धागे एकाच दिशेला ओढले तर मात्र पदवी संपताना विद्यार्थ्याकडे सांगण्यासारखं एक कौशल्य असतं.

पर्याय कोणते आणि मराठवाड्यात त्यांचं काय काम?

कॉलेजच्या माहितीपत्रकात ही नावं इंग्रजीत आणि चकचकीत असतात. त्यामागे रोजचं काम काय असतं, ते बघू.

१. सामुदायिक ऑप्टोमेट्री

हा सगळ्यात कमी ग्लॅमर असलेला विषय. शिबिरं, शाळा तपासणी, गावातली नोंद, रुग्णाचा पाठपुरावा. पण गरज बघितली तर हाच पहिला येतो.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणानुसार ५० वर्षांवरच्या भारतीयांमध्ये अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के होतं आणि त्यातल्या ६६.२ टक्के अंधत्वाचं कारण होतं मोतीबिंदू, म्हणजे शस्त्रक्रियेने बरा होणारा आजार. त्याच सर्वेक्षणात सुरुवातीच्या, सौम्य दृष्टिदोषाचं सर्वांत मोठं कारण निघालं चष्मा न मिळणं. नंबर आहे, पण चष्मा नाही.

इथे अडचण डॉक्टरांच्या कौशल्याची नसते. किनवट किंवा देवणीच्या गावातला माणूस तपासणीपर्यंत पोहोचत नाही, ही अडचण असते. ‘वय झालं, दिसणारच कमी’ असं म्हणून तो घरी बसतो. ही साखळी जोडण्याचं शिक्षण म्हणजे सामुदायिक ऑप्टोमेट्री.

२. मुलांची दृष्टी आणि बायनॉक्युलर व्हिजन

दोन्ही डोळे एकत्र कसे काम करतात, तिरळेपणा, ‘आळशी डोळा’ हे सगळं यात येतं. आळशी डोळा म्हणजे एका डोळ्याचा नंबर जास्त असल्याने किंवा तिरळेपणामुळे मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र नाकारायला लागतो. बाहेरून डोळा अगदी ठीक दिसतो. मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याला दिसत असतं. साधारण सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, एवढ्यावर बराच फरक पडतो. उशीर झाला की कठीण होत जातं.

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची जी तपासणी होते, त्यात दृष्टिदोषही येतो. पण तपासणीत सापडलेल्या मुलाचा नंबर नीट काढणं, त्याला चष्मा वापरायची सवय लावणं, पालकांना पटवणं ही पुढची कामं प्रशिक्षित माणसाची.

याच विषयाला जोडून येतो मायोपिया, म्हणजे मायनस नंबर. लातूर-नांदेडला हा विषय वेगळा समजावून सांगायची गरज नाही. कोणत्याही क्लासच्या पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत चष्मे मोजले तरी पुरे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर घालवणाऱ्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना तीन वर्षांत मायोपिया झाला. बाकीच्या मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. म्हणजे उजेडात खेळणं हा निव्वळ टाइमपास नाही. आठवीपासून फाउंडेशन क्लास लावणाऱ्या शहरात हे पालकांना आकड्यांसकट सांगू शकणारा माणूस लागतो.

३. लो व्हिजन

औषध झालं, शस्त्रक्रिया झाली, चष्मा लागला, तरीही दिसणं पुरेसं नाही. अशा माणसासाठी असलेलं शास्त्र म्हणजे लो व्हिजन. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी ही स्वतंत्र श्रेणी आहे. चांगल्या डोळ्यात, चष्मा लावूनही नजर ६/१८ पेक्षा जास्त होत नाही आणि ३/६० पर्यंत खाली जाते किंवा बघण्याचं क्षेत्र आकसून ४० अंशांपेक्षा कमी होतं, अशांचा त्यात समावेश होतो.

अशा मुलाला भिंग, स्टँडवरचं मॅग्निफायर, दूरचं बघायला छोटी दुर्बीण, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका, फळ्याजवळचा बाक यांपैकी काय उपयोगी पडेल हे तपासून ठरवावं लागतं. हे शिकलेला माणूस जवळ नसेल तर मुलाच्या घरी एकच निष्कर्ष निघतो, ‘याला दिसत नाही, शाळा बंद करा.’ या इलेक्टिव्हमध्ये रुग्ण कमी येतात, प्रत्येकाला वेळ जास्त लागतो आणि पैसेही फार मिळत नाहीत. पण एकेका रुग्णाचं आयुष्य बदलतं.

४. कॉन्टॅक्ट लेन्स

हा विषय लग्नाच्या फोटोपुरता किंवा रंगीत लेन्सपुरता मर्यादित नाही. केराटोकोनस नावाच्या आजारात बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. किशोरवयात सुरू होतो, डोळे सतत चोळण्याशी त्याचा संबंध आहे आणि साध्या चष्म्याने नजर स्वच्छ होत नाही. इथे खास कडक लेन्स किंवा स्क्लेरल लेन्स लागते आणि ती डोळ्याच्या मापाने बसवावी लागते.

या विषयात हातावर हात बसायला ट्रायल लेन्सचे संच आणि बुबुळाचा नकाशा काढणारं यंत्र लागतं. कॉलेजकडे ते नसेल तर हा इलेक्टिव्ह फक्त वहीत शिकला जातो.

५. कामाच्या जागेवरची दृष्टी

इंग्रजीत याला ऑक्युपेशनल ऑप्टोमेट्री म्हणतात. नावावरून कारखाने आणि कॉम्प्युटर आठवतात, पण शेत हीसुद्धा कामाची जागाच आहे.

सोयाबीनच्या काढणीत काडी, मळणी यंत्रातून उडणारा भुसा, उसाचं पातं डोळ्यात लागणं हे इथे रोजचं. वनस्पतीचा तुकडा लागून झालेल्या जखमेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि तो बुबुळावर पांढरा डाग सोडून नजर घेऊन जाऊ शकतो. लोक घरगुती उपाय करतात किंवा मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणतात. त्याने दुखणं तात्पुरतं कमी वाटतं आणि संसर्ग आत वाढत राहतो. अशा डोळ्यावर उपचार करणं हे डॉक्टरांचं काम, पण ‘हे आजच्या आज पाठवा’ हे ओळखणं ऑप्टोमेट्रिस्टला आलंच पाहिजे. वेल्डिंगवाले, ट्रकचालक, डाळ मिलमधले कामगार यांच्यासाठी गॉगल, नंबर, रंगदृष्टीची तपासणी हाही याच विषयाचा भाग.

यातच ‘चाळिशी’ येते. मराठीत वयालाही चाळिशी म्हणतात आणि जवळच्या चष्म्यालाही, इतका हा त्रास ठरलेला आहे. आसाममधल्या चहाच्या मळ्यातल्या ४० वर्षांवरच्या कामगारांवर झालेल्या, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासात, जवळचा चष्मा मिळालेल्या कामगारांची उत्पादकता चष्मा न मिळालेल्यांपेक्षा २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. पानं खुडणाऱ्या हातांना जे लागू आहे, ते शिवणकाम करणाऱ्या, तूर निवडणाऱ्या, बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या बाईलाही लागू होईल, असं मानायला जागा आहे.

६. मधुमेह आणि रेटिना तपासणी

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षांवरच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेला आढळला. सुरुवातीला यात काहीच त्रास होत नाही, त्यामुळे रुग्ण येत नाही. फंडस कॅमेऱ्याने फोटो घेणं, त्यातलं धोक्याचं चिन्ह ओळखणं आणि रेटिना तज्ज्ञाकडे पाठवणं हे कौशल्य असलेल्या तरुणाला डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्येही काम आहे आणि मधुमेहाच्या दवाखान्यातही.

७. डिस्पेन्सिंग आणि व्यवसाय व्यवस्थापन

चष्म्याच्या दुकानाला नाक मुरडायचं कारण नाही. नंबर बरोबर असूनही लेन्सचा मध्य बुबुळासमोर आला नाही, तर डोकं दुखतं. प्रोग्रेसिव्ह लेन्सचं माप दोन मिलिमीटरने चुकलं तर माणूस चष्मा घडी करून खिशात ठेवतो आणि ‘मला हा सूट झाला नाही’ म्हणतो. तालुक्याच्या गावात स्वतःचं सेंटर टाकायचं असेल तर हा विषय, हिशेब आणि ग्राहकाशी बोलणं, तिन्ही लागतं.

स्पोर्ट्स व्हिजनसारखे विषयही काही ठिकाणी मिळतात. ते चुकीचे नाहीत. फक्त त्यांचं काम आज मोठ्या शहरांत जास्त आहे, हे घेतानाच माहीत असावं.

शेजारीच असलेलं एक उदाहरण: मुधोळ

‘गावाकडे राहून यात काय होणार?’ हा प्रश्न असेल तर उत्तर नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे.

धर्माबाद ओलांडून बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना पुढचं मुधोळ माहीत असेल. कर्नाटकातलं नव्हे, तेलंगणातलं. हा भाग तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता, आता निर्मल जिल्ह्यात आहे आणि इथे मराठी सर्रास बोलली जाते. १९९६ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने आपलं पहिलं ग्रामीण केंद्र इथे उभं केलं. नाव, भोसले गोपाळराव पटेल नेत्र केंद्र.

या संस्थेने पुढे सगळी रचना पिरॅमिडसारखी बांधली. साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक छोटं दृष्टी केंद्र, तिथे त्याच भागातला प्रशिक्षित तरुण किंवा तरुणी. पाच लाख लोकसंख्येमागे मुधोळसारखं शस्त्रक्रिया होणारं केंद्र. त्याच्या वर मोठी रुग्णालयं. नंबर काढणं, चष्मा देणं, आजार ओळखणं हे तळातच होतं आणि ज्याला गरज आहे तोच रुग्ण वर जातो.

यातून विद्यार्थ्याने घ्यायची गोष्ट अशी. या रचनेत सर्जन लागतोच, पण ती उभी आहे ती तळातल्या माणसांवर. आणि तळातल्या माणसाला एखादा भारी विषय नव्हे, तर तपासणी, निर्णय आणि लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणं, हे तीन गुण लागतात. मराठी, हिंदी, थोडी तेलुगू किंवा कानडी येणारा नांदेड-लातूरचा मुलगा इथे मागे नाही, पुढे आहे.

निवड कुठे फसते?

साधारण तीन ठिकाणी.

पहिलं, नावाला भुलणं. इंग्रजी नाव जितकं लांब, तितका कोर्स मोठा वाटतो. प्रत्यक्षात चार आठवड्यांच्या इलेक्टिव्हने कुणी तज्ज्ञ होत नाही. त्यासाठी पुढे एम. ऑप्टोम किंवा फेलोशिप आहे. इलेक्टिव्हचा उपयोग एवढाच की, हे काम आपल्याला जमतंय आणि आवडतंय का, ते पदवी हातात येण्याआधी कळतं.

दुसरं, रुग्ण न बघता विषय घेणं. ज्या ओपीडीत लहान मुलं येतच नाहीत, तिथे मुलांच्या दृष्टीचा इलेक्टिव्ह घेऊन उपयोग नाही. नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या नेत्र विभागांत आजूबाजूच्या तालुक्यांतून रुग्ण येतात. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या मराठवाड्याच्या मुलाने इंटर्नशिपचा काही काळ आपल्या भागात काढता येतो का, हे कॉलेजला विचारायला हरकत नाही. परवानगी मिळेलच असं नाही, पण विचारलं नाही तर नक्कीच मिळत नाही.

तिसरं, घरच्या परिस्थितीला धरून विचार न करणं. ज्याला पदवीनंतर लगेच कमवायचं आहे, त्याने डिस्पेन्सिंग आणि सामान्य तपासणी यात हात पक्का करावा आणि दुसरा विषय जोडीला ठेवावा. ज्याला सरकारी सेवेत नेत्र चिकित्सा अधिकारी व्हायचंय, त्याने सामुदायिक विषयाकडे वळावं आणि त्या पदाच्या जाहिरातीत कोणती पात्रता मागितली जाते ते आधीच वाचावं. ज्याला पुढे शिकायचंय किंवा परदेशात जायचंय, त्याने संशोधन प्रकल्प गांभीर्याने घ्यावा.

प्रवेश घेण्याआधी किंवा फॉर्म भरण्याआधी काय विचारावं?

कॉलेजच्या कार्यालयात आणि शक्यतो शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे प्रश्न विचारावेत.

– पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे आणि पदवीचं नेमकं नाव काय?
– इलेक्टिव्ह स्वतंत्र पेपर आहे की फक्त पोस्टिंग? त्याचे गुण किंवा क्रेडिट मार्कशीटवर येतात का?
– या विषयाचे रुग्ण आठवड्याला साधारण किती येतात आणि विद्यार्थ्याला स्वतः तपासायला मिळतात का, की मागे उभं राहून बघायचं?
– लागणारी यंत्रं कॉलेजात आहेत का आणि चालू आहेत का?
– शिकवणारी व्यक्ती ऑप्टोमेट्री शिकलेली आहे का?
– दहापेक्षा कमी विद्यार्थ्यांनी विषय मागितला तर तो चालवला जातो का?
– इंटर्नशिपमध्ये स्टायपेंड आहे का? बाहेर जायचं असेल तर राहण्याचा खर्च कुणाचा?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण हैदराबाद किंवा चेन्नईच्या मोठ्या हॉस्पिटलमधली दोन महिन्यांची पोस्टिंग कितीही चांगली असली, तरी खोलीभाडं आणि मेसचा हिशेब घरी आधी सांगितलेला बरा.

नियम बदलत आहेत, तेही लक्षात घ्या

बरीच वर्षं या क्षेत्राला देशपातळीवर एक कायदा नव्हता. २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा आला. फिजिओथेरपीपासून ऑप्टोमेट्रीपर्यंत अनेक व्यवसाय त्याच्या कक्षेत आले. कायद्यानुसार ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणून गणलं जायचं तर पदवीचं शिक्षण किमान ३,६०० तासांचं आणि तीन ते सहा वर्षांत विभागलेलं असावं लागतं. कमी कालावधीच्या, घाईघाईच्या कोर्सच्या जाहिराती बघताना हा आकडा आठवावा.

२०२५ मध्ये दहा व्यवसायांसाठी नवे, कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम जाहीर झाले. त्यात ऑप्टोमेट्रीही आहे. त्यामुळे मोठ्या भावाच्या किंवा सिनियरच्या वेळी जे विषय ऐच्छिक होते, ते पुढच्या बॅचला सक्तीचे असू शकतात किंवा उलटही. प्रवेशाच्या अटी, कालावधी आणि विषयांची यादी आपल्या बॅचसाठी कोणती लागू आहे, हे विद्यापीठाच्या ताज्या परिपत्रकातच बघावं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवर विसंबू नये.

मग नेमकं काय निवडावं?

सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. पण एक साधी पद्धत आहे. विद्यार्थ्याने फॉर्म भरण्याआधी आपल्याच गावातल्या, आपल्याच घरातल्या दहा माणसांची यादी करावी. कुणाला काय दिसत नाही आणि त्यामुळे कुणाचं कोणतं काम अडलंय, एवढंच लिहावं. आजीचा मोतीबिंदू, काकांची शुगर, आईला सुईत दोरा ओवता न येणं, चुलतभावाचा दरवर्षी वाढणारा नंबर, शेजारच्या सालगड्याचा काढणीत लागलेला डोळा.

ही यादी आणि कॉलेजने दिलेली इलेक्टिव्हची यादी शेजारी ठेवली की बरंच काही स्पष्ट होतं. ज्या विषयाचे रुग्ण आपल्या यादीत आहेत, ज्या विषयाचे रुग्ण कॉलेजच्या ओपीडीतही येतात आणि ज्यात स्वतःच्या हाताने तपासायला मिळतं, तो विषय पहिला.

नीटमध्ये काही गुण कमी पडले म्हणून या शाखेत आलेल्या मुलांना सुरुवातीची दोन वर्षं ‘आपण डॉक्टर झालो नाही’ हे टोचत राहतं. ते स्वाभाविक आहे. पण चष्मा नाही म्हणून फळ्यावरचं न दिसणारं मूल आणि शस्त्रक्रिया होऊ शकते हेच माहीत नसलेली म्हातारी, या दोघांपर्यंत सगळ्यात आधी पोहोचू शकतो तो ऑप्टोमेट्रिस्टच. त्या दिवशी त्याला काय करता येईल, याची तयारी तिसऱ्या वर्षाच्या त्या छोट्याशा फॉर्मपासून सुरू होते. तो पाच मिनिटांत भरू नये, एवढंच.